जर्मनीत जुन्या मित्राची भेट: बिअर आणि जेवणाची संध्याकाळ नीट कशी आखावी

म्युनिकमध्ये राहणाऱ्या माणसाकडे कॉलेजातला मित्र दोन दिवसांसाठी येतो, आणि एका संध्याकाळी जर्मन बिअर प्यायची, तिथले जेवण जेवायचे आणि पोटभर गप्पा मारायच्या असे ठरते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी होतात आणि तिसरी राहून जाते. कारणे बहुतेक वेळा तीच असतात: गोंगाटाची प्रसिद्ध जागा निवडलेली असते, पहिलाच ग्लास लिटरचा मागवलेला असतो आणि जेवणाचा विचार फार उशिरा केलेला असतो. माझीही एक संध्याकाळ अशीच गेली. अकरा वर्षांनी भेटलेल्या मित्राला मी एका मोठ्या हॉलमध्ये वाद्यवृंदाच्या समोरच्या बाकावर बसवले; तो वडील गेल्याचे सांगत होता आणि मला दोनदा ‘काय म्हणालास?’ असे विचारावे लागले. तेव्हापासून मी पुढे दिलेला क्रम पाळतो. हा क्रम म्युनिकला धरून लिहिला आहे. कोलोनमध्ये एक गोष्ट अगदी उलटी असते, तिचा उल्लेख योग्य ठिकाणी केला आहे.

टप्पा 1: दिवस आणि वेळ ठरवणे

मित्र कधी येणार हे तुमच्या हाती असेल, तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा टाळावा. म्युनिकचा बिअर-उत्सव ऑक्टोबरफेस्ट 15 सप्टेंबरनंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. 2024 मध्ये तिथल्या एक लिटर बिअरचा दर 13.60 ते 15.30 युरो होता, परंतु खरी अडचण पैशांची नाही. तिथल्या बिअरच्या मोठ्या तंबूंत लोक बाकांवर उभे राहून गातात. उत्सव पाहायचा असेल तर तो वेगळ्या दिवशी पाहावा, आणि मन मोकळे करण्यासाठी दुसरी संध्याकाळ राखून ठेवावी.

एरवी मंगळवार किंवा बुधवार चांगला. मात्र अनेक जुनी भोजनगृहे आठवड्यातून एक दिवस बंद असतात. या साप्ताहिक सुट्टीला ‘रूहेटाग’ म्हणतात आणि ती बहुधा सोमवारी किंवा मंगळवारी येते, म्हणून ती आधी पाहून घ्यावी. भेटीची वेळ संध्याकाळी साडेपाच ते सहा ठेवावी. भारतातल्या सवयीने साडेआठला पोहोचणारा माणूस येथे फसतो, कारण जागा रात्री अकरापर्यंत उघडी असली तरी गरम जेवण देणे नऊ-साडेनऊच्या सुमारास थांबू शकते. संकेतस्थळावर दोन वेळा दिलेल्या असतात, एक दुकानाची आणि एक स्वयंपाकघराची. आपल्या कामाची दुसरी.

सावधान: फोनवर टेबल राखून ठेवताना ‘हाल्ब झीबेन’ असे ऐकू आले तर त्याचा अर्थ साडेसहा होतो, साडेसात नव्हे. जर्मनमध्ये ‘अर्धा सात’ म्हणजे सातव्या तासाचा अर्धा भाग. आपला कान मात्र ‘सात आणि वर अर्धा’ असे धरतो आणि माणूस तासभर उशिरा पोहोचतो. वेळ आकड्यांत, 18.30 अशी, उलट बोलून पक्की करून घ्यावी.

मित्राची गाडी त्याच दिवशी दुपारी असेल तर संध्याकाळचा हट्ट धरू नये. सकाळी दहाच्या सुमारास पांढऱ्या सॉसेजची न्याहारी, म्हणजे वाइसवुर्स्ट, ही तेवढीच अस्सल बव्हेरियन भेट आहे, आणि त्या वेळी जागा शांत असते. हे सॉसेज गरम पाण्याच्या भांड्यात येते, गोड मोहरीच्या चटणीबरोबर आणि ब्रेझन नावाच्या खारवलेल्या वळणदार पावाबरोबर खातात, आणि प्रथेप्रमाणे दुपारी बाराच्या आत संपवतात. वरचे आवरण खायचे नसते. लांबीत चीर देऊन आतला भाग सुरीने सोडवून घ्यावा. त्यात वासराचे आणि डुकराचे मांस असते, ही गोष्ट मित्राला मागवण्यापूर्वी सांगितलीच पाहिजे.

टप्पा 2: जागा निवडणे

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्यावा. म्युनिकमध्ये तीन प्रकारच्या जागा मिळतात. पहिला प्रकार मोठ्या बिअर हॉलचा. हॉफब्रॉयहाउसचा तळमजला पाहण्यासारखा आहे, पण तिथे वाद्यवृंद वाजत असतो. दुपारी अर्धा तास डोकावून यावे आणि मनातले बोलण्यासाठी दुसरीकडे जावे. दुसरा प्रकार बिअरगार्टनचा, म्हणजे चेस्टनटच्या झाडांखाली उघड्यावर मांडलेल्या लांब बाकांचा. तिसरा प्रकार विर्ट्सहाउसचा, म्हणजे वस्तीतल्या साध्या भोजनगृहाचा: लाकडी भिंती, पंधरा-वीस टेबले आणि शेजारपाजारची गिऱ्हाइके.

माझे मत स्पष्ट आहे. हवा कोरडी असेल तर बिअरगार्टन, नसेल तर विर्ट्सहाउस, आणि दोन्हींची नावे आधीच ठरलेली असावीत. केवळ बिअरगार्टनवर भिस्त ठेवणे चूक आहे, कारण पाऊस आला की ते बंद होते आणि दोन माणसे भिजत रस्त्यावर जागा शोधत फिरतात.

बाहेरगावच्या मित्रासाठी ऑगस्टिनर केलर हे बिअरगार्टन सोयीचे पडते, कारण ते मुख्य रेल्वे स्थानकापासून आर्नुल्फश्ट्रासेने चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. हिर्शगार्टन हे दुसरे बिअरगार्टन सुमारे 8000 आसनांचे आहे, आणि एवढे मोठे असल्यामुळेच त्याच्या कडेला शांत कोपरा सापडतो. तिथे स्वयंसेवेच्या भागात बिअरचा मग स्वतः उचलून वाहत्या पाण्यात विसळून घ्यायचा असतो. भेट दिवसभराची असेल तर बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या आंडेक्सच्या मठाचा विचार करावा: एस-बान गाडीच्या आठव्या मार्गाने हेर्शिंगपर्यंत जायचे आणि पुढे किनटाल नावाच्या झाडीच्या दरीतून सुमारे चार किलोमीटर चढत जायचे. त्या चालण्यात जेवढे बोलणे होते तेवढे टेबलावर क्वचितच होते. खाली उतरायलाही तीच वाट असल्याने वर बिअर बेताने घ्यावी. तिथली डोपेलबॉक ही गडद, तीव्र बिअर 7.1 टक्के अल्कोहोलची आहे.

बिअरगार्टनमध्ये एक नियम ओळखावा लागतो. ज्या टेबलावर कापड अंथरलेले आहे तिथे वाढपी येतो; ज्या टेबलावर कापड नाही तिथे आपण उठून पदार्थ आणायचे. पारंपरिक बिअरगार्टनमध्ये विनाकापडाच्या टेबलावर घरचे खाणे नेता येते, पेय मात्र तिथलेच घ्यावे लागते. ज्याच्या खाण्याला पथ्य आहे त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. घरून डबा नेला तर कोणी वावगे मानत नाही.

तपासणी: टेबल राखून ठेवताना ‘शांत कोपऱ्यात’ अशी विनंती केली आहे का? त्या संध्याकाळी तिथे वाद्यवृंद किंवा फुटबॉल सामन्याचे प्रक्षेपण आहे का, हे विचारले आहे का?

टप्पा 3: मित्र काय खातो आणि पितो, हे आधी विचारणे

दहा वर्षांपूर्वी तो काय खात होता ही माहिती आज उपयोगाची नाही. माणसे मधल्या काळात मांस सोडतात, दारू सोडतात, मधुमेह सांभाळू लागतात. संदेश पाठवून साधे विचारावे: ‘तू सध्या काय खातोस, आणि बिअर घेतोस का?’ त्याने बिअर घेत नाही असे कळवले तर कारण विचारू नये. जर्मनीत अल्कोहोलविरहित वाइसबिअर, म्हणजे गव्हाची बिअर, जवळपास सर्वत्र मिळते आणि त्याच उंच ग्लासात येते. तिच्यात 0.5 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकते, त्यामुळे ज्याने ते पूर्ण वर्ज्य केले आहे त्याच्यासाठी सफरचंदाचा रस आणि सोडा, म्हणजे ‘आप्फेलशोर्ले’, मागवावा.

खाण्याच्या बाबतीत नावांवरून अंदाज बांधणे धोक्याचे आहे. ‘लेबरकेझे’ या नावात चीज आहे, पण पदार्थात चीज नाही. तो मांसाचा भाजलेला ठोकळा असतो आणि त्यात बहुधा गोमांसही असते. याउलट कोलोनमधल्या ‘हाल्वे हान’चा शब्दशः अर्थ अर्धा कोंबडा असा असला तरी तो राईचा पाव आणि चीज असतो. शाकाहारी माणसाची खरी फसगत मात्र साध्या दिसणाऱ्या पदार्थांत होते. बव्हेरियातली बटाट्याची कोशिंबीर अनेकदा मांसाच्या रश्शात भिजवलेली असते, आंबवलेल्या कोबीत डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात, लाल कोबी हंसाच्या किंवा डुकराच्या चरबीत शिजवलेला असतो. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’, म्हणजे मांस नको आणि डुकराची चरबीही नको, अशी दोन्ही वाक्ये बोलावी लागतात, कारण बेकनचे बारीक तुकडे पुष्कळांच्या लेखी मांसात मोडत नाहीत.

भरवशाचे शाकाहारी पदार्थ दोन. केझेश्पेत्सले म्हणजे अंडे घातलेल्या मऊ शेवयांवर वितळलेले चीज आणि तळलेला कांदा. अंडे चालत नसेल तर हा बाद. ओबात्सदा म्हणजे पिकलेले कामांबेर चीज, लोणी, कांदा आणि लाल पाप्रिका एकत्र कुस्करून केलेले मिश्रण, जे ब्रेझनला लावून खातात. काही जण त्यात थोडी बिअरही घालतात.

टप्पा 4: आदल्या दिवशीची तयारी

रोख पैसे काढून ठेवावेत. जर्मनीत कार्ड आता पुष्कळ ठिकाणी चालते, पण लहान विर्ट्सहाउसात आणि बिअरगार्टनच्या खिडकीवर ते चालेलच असे नाही. दोघांसाठी ऐंशी-शंभर युरो जवळ असावेत. घरचे खाणे नेणार असाल आणि भेट रविवारी असेल, तर खरेदी शनिवारीच रात्री आठच्या आत करावी, कारण बव्हेरियात रविवारी किराणा दुकाने बंद असतात. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ दोघांच्याही फोनमध्ये लिहून ठेवावी. दोन ग्लासांनंतर ती शोधत बसणे जमत नाही.

टप्पा 5: बसणे

आत शिरल्यावर ज्या टेबलावर ‘श्टामटिश’ अशी पाटी आहे तिथे बसू नये. ते रोजच्या मंडळींचे टेबल असते आणि रिकामे दिसले तरी ते त्यांच्यासाठीच राखलेले असते. लांब टेबलावर आधीच कोणी बसले असेल तर ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’, म्हणजे येथे जागा रिकामी आहे का, असे विचारून बसावे. टेबल वाटून घेणे येथे नेहमीचे आहे, आणि शेजाऱ्यांशी बोलणे सुरू ठेवलेच पाहिजे असे बंधन नाही.

दोघांनी शेजारी-शेजारी न बसता समोरासमोर बसावे आणि टेबलाचे टोक धरावे. मधल्या जागेत दोन्ही बाजूंच्या गप्पा कानावर येतात आणि स्वतःचा आवाज चढत जातो. मित्राला भिंतीकडे पाठ करून बसवावे. ज्याच्या पाठीमागून सतत ताटे आणि बिअरचे मग जात असतात तो मोकळेपणाने बोलू शकत नाही.

टप्पा 6: मागवण्याचा क्रम

क्रम असा ठेवावा: प्रथम पाणी, त्याच वेळी खाण्याची एक थंड पाटी, मग पहिली बिअर, आणि गरम पदार्थ तासाभराने. नेहमीची चूक याच्या उलट असते. आधी बिअर येते, भूक लागल्यावर मेन्यू उघडला जातो, आणि भाजलेले मांस येईपर्यंत दुसरा ग्लासही संपलेला असतो.

1. पाणी मागताना साधे हवे असेल तर ‘श्टिल’ म्हणावे, नाहीतर बुडबुड्यांचे येते. दोन्ही पाणी विकतचे असते.

2. थंड पाटीला ‘ब्रोटझाइट’ म्हणतात: पाव, चीज, ओबात्सदा, काकडीचे लोणचे, हव्या त्या थंड मांसाचे काप, आणि मीठ लावून सर्पिलाकार कापलेला पांढरा मुळा. लांब गप्पांसाठी याहून चांगले खाणे मला माहीत नाही. ते गार होत नाही, म्हणून घाईने खावे लागत नाही. मधे ठेवून दोघांनी उचलता येते. आणि बोलणे गंभीर झाले की हात आपोआप थांबतो. श्वाइन्सहाक्से, म्हणजे डुकराच्या पायाचा कुरकुरीत भाजलेला सांधा, याच्या नेमका उलट आहे. तो गरम असतानाच खावा लागतो आणि सुरी-काटा घेऊन वीस मिनिटे त्याच्याशी झटावे लागते. मित्राला तो खायचाच असेल तर दोघांत एक मागवावा आणि ‘नोख आइनन टेलर, बिटे’ म्हणून जास्तीचे ताट घ्यावे.

3. पहिली बिअर हेलेस असावी. ही सोनेरी, सौम्य कडवट, साधारण पाच टक्क्यांची बिअर जेवणाला साथ देते. वाइसबिअर गव्हाची, गढूळ आणि किंचित केळ्या-लवंगेच्या वासाची असते. ती पोट भरते, म्हणून एकच घ्यावी. डुंकेल गडद दिसते, पण रंगावरून तिला तीव्र समजू नये. तिच्यातले अल्कोहोल हेलेसएवढेच असते. खरी तीव्र ती डोपेलबॉक, सात टक्के आणि त्याहून वर. नावात ‘आटोर’ असा शेवट दिसला, जसे साल्वाटोर, तर ती डोपेलबॉक आहे असे समजावे.

4. आकार अर्ध्या लिटरचा, म्हणजे ‘हाल्बे’ मागवावा. लिटरचा ‘मास’ छायाचित्रात शोभतो, पण गप्पा रंगल्या की त्याचा खालचा अर्धा भाग कोमट आणि निर्जीव होतो, आणि मग तो संपवण्यासाठी पिणे होते. काही बिअरगार्टनमध्ये हेलेस ठरावीक वेळेनंतर फक्त मासमध्येच मिळते. तिथे राडलर, म्हणजे बिअर आणि लिंबू सरबत अर्धे-अर्धे, हा चांगला मार्ग आहे.

तपासणी: ग्लासावर मापाची बारीक रेघ असते आणि फेस तिच्या वर हवा. द्रव रेघेच्या बराच खाली असेल तर भरून मागण्यात काही गैर नाही. टोपलीतले ब्रेझन फुकट नसतात. खाल्ले तेवढे मोजून बिलात येतात.

टप्पा 7: पिण्याचा वेग

दोन्ही ग्लास आल्याशिवाय पहिला घोट घेऊ नये. ‘प्रोस्ट’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे. नजर ग्लासावर ठेवणे येथे उद्धटपणाचे समजतात. वाइसबिअरच्या ग्लासाचा वरचा काठ पातळ असतो, म्हणून तो जाड बुडाशी टेकवतात.

पुढचा हिशेब मनात ठेवावा. एका मासमध्ये सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल असते. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात ते अंदाजे 0.8 प्रति हजार इतके पोहोचते, आणि शरीर ताशी साधारण 0.1 ते 0.15 एवढेच उतरवते. अर्ध्या लिटरच्या हेलेसला दीड तास देणे हा वेग गप्पांना मानवतो. म्हणजे चार तासांच्या भेटीत दोन हाल्बे, फार तर तिसरी, आणि मधे प्रत्येक वेळी पाणी. जुने मित्र एकमेकांना ‘आणखी एक’ म्हणतात ते प्रेमाने. तरीही मित्र नको म्हणाला तर दुसऱ्यांदा विचारू नये. महत्त्वाचे बोलणे, आजारपण असो, नोकरी गेली असो किंवा घरातले काही बिनसलेले असो, बहुधा पहिल्या दीड तासानंतर आणि दुसरा ग्लास संपण्याच्या आत निघते. त्या वेळेला मेन्यू हातात घेऊ नये.

कोलोनमध्ये हे सर्व उलटे चालते. तिथली क्योल्श बिअर 0.2 लिटरच्या उभ्या ग्लासात येते, आणि ग्लास रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा ठेवतो व ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर एक रेघ ओढतो. थांबायचे असेल तेव्हा ती चकती ग्लासावर झाकून ठेवायची असते. हे ठाऊक नसलेला पाहुणा सौजन्याने पीत राहतो. चकती हरवू नये आणि तिच्यावर दुसरे काही लिहू नये. तेच आपले बिल असते.

टप्पा 8: बिल

वाढपी ‘त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?’ म्हणजे एकत्र की वेगवेगळे, असे विचारतो. टेबलावर ओढाताण होण्यापेक्षा हे आधी ठरवावे. ज्याच्या गावात भेट आहे त्याने ‘आज माझ्याकडून’ असे निमंत्रणातच सांगून टाकावे, नाहीतर सरळ टीटीएमएम करावे. जर्मनीत वेगळे बिल मागणे अगदी साधी गोष्ट आहे. टिप टेबलावर ठेवून निघायची नसते. पाच ते दहा टक्के वाढवून गोल केलेली रक्कम पैसे देतानाच बोलायची: बिल 46.40 असेल तर ‘पन्नास’ म्हणायचे. नेमकी तेवढीच नोट दिली असेल तर ‘श्टिम्ट झो’ म्हणजे बाकीचे राहू द्या.

बिअरगार्टनमध्ये बिअरच्या मगासाठी अनामत घेतलेली असेल तर तो परत करून ती घ्यावी. सोबत मिळालेले टोकन मित्राच्या खिशात राहिले नाही ना, हे उठण्यापूर्वी पाहावे.

टप्पा 9: परत जाणे

गाडी घरीच ठेवावी. जर्मनीत मर्यादा 0.5 प्रति हजार आहे, एकवीस वर्षांखालील आणि नव्या परवान्याच्या चालकांना शून्य, आणि 0.3 पासूनही चालवण्यात चूक दिसली किंवा अपघात झाला तर गुन्हा होऊ शकतो. वरच्या हिशेबाप्रमाणे एकच मास पहिली मर्यादा ओलांडतो. भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर हा सर्वांत जास्त फसवणारा पर्याय आहे, कारण ती सायकलसारखी वाटते, पण कायद्याने मोटारवाहन धरली जाते आणि तिला मोटारीचीच मर्यादा लागते. सायकलसाठी 1.6 ही सीमा आहे, परंतु तिथेही 0.3 चा नियम लागू होतो.

सायकलवर आला असाल तर ती कुलूप लावून तिथेच ठेवावी आणि मित्राबरोबर स्थानकापर्यंत चालत जावे. पंधरा मिनिटे पुरतील असे वाटते तिथे तीस धरावीत, कारण निरोप घेताना टेबलावर न निघालेला एखादा विषय निघतो आणि दोघेही फलाटावर उभे राहतात. म्हणून शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी गाठायची असे ठरवून निघावे. ती चुकली तरी एक शिल्लक असते.